पिंपरीचा रविवार गुरुवारी असतो

नाशिकच्या एसटी स्टँडवर सकाळी सहाला धुकं इतकं दाट होतं की गाड्यांच्या पाट्या वाचता येत नव्हत्या. कंडक्टर पुकारायचे आणि माणसं आवाजाच्या दिशेने चालू लागायची. "संगमनेर, नारायणगाव, राजगुरुनगर, चाकण, पुणे" असा पुकारा कुठूनसा आला. माझ्या शेजारी कानाला मफलर बांधून उभा असलेला गुंडू म्हणाला, "चल गा श्रीपा. आपली गाडी हाक मारतीया."

आजऱ्यातल्या जुन्या वाचकांना गुंडू कोण हे सांगायला नको. नव्यांसाठी सांगतो. आम्ही दोघं एका बाकावर शिकलो आणि एकाच वर्षी पिंपरीच्या एका कारखान्यात कामाला लागलो. दापोडीला एका खोलीत दहा महिने राहिलो. नंतर तो आजऱ्याला परत आला आणि शेती करू लागला. मी पिंपरीतच राहिलो, आणि पुढे नाशिकला दुसरी नोकरी धरली. यंदा जानेवारीत भाताची मळणी आटोपून तो आठ दिवस माझ्याकडे आला होता. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "पिंपरी बगून येऊया का? तेरा वर्सं झाली." माझी बायको लगेच म्हणाली, "जा की दोघं. शनिवारची रजा टाका." नाही म्हणायला मला एकही कारण सापडलं नाही.

आजऱ्याच्या या दिवाळी अंकासाठी मी दरसाल कुठल्या ना कुठल्या प्रवासाचं लिहितो. देवळं, घाट, जेवणं, चुकलेल्या गाड्या असं सगळं त्यात असतं. तेही या वेळी आहेच. पण तेरा वर्षं एक गोष्ट मी गुंडूपासून लपवून ठेवली होती, आणि ती जिथे घडली तिथेच तो मला घेऊन निघाला होता. ती माझ्या तोंडून निघते की नाही, एवढाच खरं तर या प्रवासाचा विषय होता. गुंडूला हे माहीत नव्हतं.

गाडी सुटली आणि सिन्नरपर्यंत काचेबाहेर काहीच नव्हतं. मधूनच एखादं बाभळीचं झाड पांढऱ्यातून वर यायचं आणि परत बुडायचं. संगमनेरला उतरून चहा घेतला, तेव्हा ऊन पडू लागलं होतं. नारायणगावच्या अलीकडे द्राक्षांचे मांडव लागले. मळ्यांत पाणी सोडलेलं होतं आणि त्या पाण्यातून वाफ निघत होती. गुंडू खिडकीशी बसून प्रत्येक पिकाचं नाव मला सांगत होता, जसं काही मी परदेशातून आलो होतो. मला अर्धवट झोप येत होती. त्याचा आवाज कानात आणि त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला, असा मी शाळेतल्या सहलीला निघाल्यासारखा बसलो होतो. ते सुख मला नीट घेता येत नव्हतं.

पुढच्या बाकावर पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे होते. मी कंडक्टरला "राजगुरुनगर किती वेळ?" विचारलं तसे ते मागे वळले.

"खेडला उतरायचं का?"

"नाही, राजगुरुनगरला फक्त खायला उतरू म्हणतो."

"तेच की. राजगुरुनगर कागदावर. आमी खेडच म्हणतो. गाडी दोन्हीला थांबती."

तिथे स्टँडबाहेरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. तर्री (वरचा तिखट रस्सा) अशी होती की गुंडूच्या डोळ्यांतून पाणी आलं. वाढणारा म्हणाला, "पाव्हणे, कोल्हापूरकडचे दिसता, आन् आमच्या तर्रीला रडता व्हय?" गुंडूने नाक पुसलं आणि म्हणाला, "रडत न्हाई. तुमच्या भीमा नदीला पाणी कमी पडलं असंल तर हातभार लावतोय." सगळं हॉटेल हसलं. गुंडू असाच आहे. कुठेही गेला की आधी स्वतःवर हसवून घेतो, मग माणसं त्याची होतात.

चाकणला गाडी बंद पडली. इंजिनाचा पट्टा तुटला होता, आणि दुसरा येईपर्यंत दोन तास तरी जातील असं ड्रायव्हरने सांगितलं. शनिवार म्हणजे चाकणचा बाजार. स्टँडपासून मातीच्या जुन्या कोटाच्या भिंतीपर्यंत कांद्याच्या गोण्याच गोण्या. बैलगाड्या सोडलेल्या, बैल कडबा खात बसलेले. उन्हात कांद्याच्या टरफलांचा गुलाबी कचरा वाऱ्याबरोबर हळू सरकत होता, आणि त्याचा एकच सळसळता आवाज त्या सगळ्या गोंगाटाच्या खाली ऐकू येत होता. आम्ही एका गाडीच्या सावलीत गोण्यांना टेकलो. गोण्यांची मालकीण, पन्नाशीची एक बाई, म्हणाली, "टेका, पर झोपू नका. कांद्यावर झोपलं की सपनं लई पडत्यात."

"चांगली का वाईट?" गुंडूने विचारलं.

"कांद्याचा भाव बघून पडत्यात."

ती गिऱ्हाइकाकडे वळल्यावर गुंडू म्हणाला, "श्रीपा, तुझ्याकडं एक काम हाय. त्यासाठीच आलोय म्हण."

"बोल की."

"महादेव आयटीआयला जातो म्हणतंय. धावीचा पेपर झाला की फारम भरणार. टर्नर व्हायचंय त्याला, लेथवरचा."

महादेव हा त्याचा थोरला मुलगा. मी म्हणालो, "मग जाऊ दे."

"कशाला जाऊ दे? माझ्यासारखं व्हायला? आमच्या घराण्याच्या हाताला माप न्हाई, तुला म्हाईत हाय. पोरगं माझं ऐकंना. तू त्याला एक पत्र लिव. काका कारखान्यात इन्स्पेक्टर हायेत म्हणून तुझ्यावर लई इस्वास त्याचा. लिव, की बाबा, तुझ्या बापाचं काम मीच तपासलं होतं, ह्या वाटंला जाऊ नको. मऊ लिव. पर लिव."

मी "बघू" म्हणालो. माझ्या हातात कांद्याचं एक टरफल होतं. ते मी इतकं बारीक चुरलं की बोटांना त्याचा रंग लागला.

आता ती गोष्ट सांगतो.

पिंपरीच्या कारखान्यात गुंडू लेथवर (दांडा फिरवत घासणारं यंत्र) होता आणि मी तपासणीत. तो टेंपररी, म्हणजे कायम न झालेला. मीसुद्धा कायम झालो नव्हतो. त्याने घासलेले पोलादी दांडे मी गेजने तपासायचो. गेज म्हणजे घोड्याच्या नालेसारखा एक पोलादी आकडा. त्याला एकामागे एक दोन तोंडं. पहिल्या तोंडातून दांडा आत गेला पाहिजे आणि दुसऱ्यात अडला पाहिजे. पहिल्याला ‘गो’ म्हणतात, दुसऱ्याला ‘नो-गो’. दांडा दुसऱ्या तोंडातूनही गेला, तर तो जास्त घासला गेला आणि वाया गेला असं समजायचं. त्याची रवानगी लाल पेटीत, म्हणजे भंगारात.

एक दिवस सकाळी माझ्या हातून ते गेज फरशीवर पडलं. पडलेलं गेज लगेच चिठ्ठी लावून मापं तपासणाऱ्या खोलीत पाठवायचं, हा पहिला नियम. मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी पाहिलं नव्हतं. नुकसान केलं म्हणून कायम करायचे नाहीत, या भीतीने मी ते पुसून परत लाकडी पेटीत ठेवलं. त्याचं तोंड केसाच्या जाडीपेक्षाही कमी फाकलं होतं. डोळ्यांना दिसण्यासारखं नव्हतं.

दुपारी गुंडूचे दांडे आले. एकामागून एक ‘नो-गो’मधून पार जाऊ लागले. एकशे बारा दांडे होते. मी सगळे लाल पेटीत टाकले. गुंडू धावत आला. म्हणाला, "माझ्या मायक्रोमीटरवर बरोबर येतंय रे." मायक्रोमीटरने मोजताना बोटांचा दाब सारखा असावा लागतो, दाब चुकला की माप चुकतं. मी त्याला म्हणालो, "गेज खोटं बोलत नाही, गुंडू. तुझ्या हाताचा दाब चुकतोय." त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून दिसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच्या रॅकमध्ये त्याचं हजेरीचं कार्ड नव्हतं. टेंपररी माणसाला कामावरून काढल्याचं तसंच कळायचं. कोणी सांगत नसे. आठवड्याने माझं गेज नेहमीच्या तपासणीला गेलं आणि ते बाद झालं. साहेबांनी विचारलं, "पडलं होतं का?" मी म्हणालो, "नाही." तोवर गुंडू आजऱ्याला पोचला होता आणि दांडे वितळले होते.

नंतर गुंडूने त्याचा विनोद केला, हे आजऱ्याला माहीत आहे. लग्नाकार्यात तांदूळ मापायला कोणी त्याला बोलावलं की तो हात मागे घेतो आणि म्हणतो, "मला लावू नका. माझ्या हाताला माप न्हाई. पिंपरीचं सर्टिफिकेट हाय." सगळे हसतात. सुट्टीला गावी आलो की मीही त्या हसण्यात असायचो.

चाकणहून गाडी पाचला सुटली. मोशीला इंद्रायणी ओलांडली तेव्हा नदीवर परत धुकं धरू लागलं होतं, आणि पुलाखालून कोणीतरी गुरं हाकताना फक्त शिट्टी ऐकू आली. भोसरीच्या पुढे ज्वारीची शेतं आणि कारखान्यांच्या भिंती एकमेकांत मिसळल्या होत्या. एका बाजूला कणसं, दुसऱ्या बाजूला पत्र्याची छपरं, आणि दोन्हींवर तेच तांबूस ऊन. आमच्या वेळी इथे नुसती माळरानं होती. "हितं मी सायकलवरून पडलो होतो," गुंडू म्हणाला, आणि मग, "न्हाई, हितं न्हवे. पुढं." ती जागा शेवटपर्यंत सापडली नाही. नाशिक फाट्याला पाऱ्याचे दिवे एकेक करून लागत होते. प्रत्येक दिवा आधी जांभळा, मग निळा, मग पांढरा व्हायचा. त्या उजेडात सायकलींची रांग चालली होती, डबे हँडलला लटकवलेले, आणि माणसांच्या तोंडातून वाफ निघत होती. मला वाटलं, यातल्या एखाद्या सायकलवर आम्ही दोघं असू. एक चालवणारा, एक पुढे दांड्यावर बसलेला. तसं कोणी दिसलं असतं तर मला नवल वाटलं नसतं.

पिंपरीत रस्त्यालगतच्या एका लॉजवर खोली घेतली. गाद्या पातळ होत्या. गुंडूने आपली चादर माझ्या अंगावर टाकली आणि स्वतः मफलर पायांना गुंडाळून झोपला. शिफ्टचा भोंगा झोपेतच ऐकला. पत्र लिहायचं की सांगायचं, यातलं काहीच माझं ठरलं नव्हतं.

रविवारी सकाळी कॅम्पात (फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची वसाहत) दाल-पकवान खायला गेलो. पकवान म्हणजे तळलेली कडक पुरी. ती मोडून हरभऱ्याच्या घट्ट डाळीबरोबर खायची, वर चिंचेची चटणी आणि चिरलेला कांदा. गुंडू दोन बशा संपवून रस्त्याकडे बघत होता. रविवार असून सगळा रस्ता कामावर निघालेला. बसला लोंबकळणारी माणसं, खाकी कपडे, डबे.

"मालक, आज रविवार न्हवं?" त्याने हॉटेलवाल्याला विचारलं.

हॉटेलवाला कढईतून मान वर न करता म्हणाला, "कॅलेंडरमध्ये आहे, भाऊ. पिंपरीमध्ये नाही. इकडे संडे गुरुवारी येतो."

"गुरुवारी?"

"लाइटची टंचाई. सगळ्या पुण्यात एकदम कारखाने चालले तर लाइट पुरत नाही. म्हणून इकडची सुट्टी गुरुवारी. तुम्ही गुरुवारी यायचं होतं. पूर्ण शहर झोपलेलं बघायला मिळालं असतं."

आमच्या वेळी सुट्टी रविवारीच असे. जुन्या ओळखीची माणसं घरी सापडावीत म्हणून आम्ही मुद्दाम हा दिवस धरला होता. गुंडूला हसू आवरेना. म्हणाला, "गावानं वार बदलला आन् आमाला कार्ड बी टाकलं न्हाई."

लोकल धरून दापोडीला गेलो. रुळाशेजारची ती गल्ली फारशी बदलली नव्हती. पूर्वीच्या कुडाच्या जागी विटा आल्या होत्या, एवढंच. आमच्या घरमालकीण भागामावशी दारात उन्हाला बसून गहू निवडत होत्या. केस पांढरे झाले होते. घरात बुद्धाची तीच तसबीर, काच मात्र नवी. त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि आधी गुंडूला ओळखलं.

"हा तर माझा गुंडू. आन् हा मागं कोण, साहेब?"

"श्रीपा हाय, मावशे."

"एवढा जाड? मला वाटलं वीजबोर्डाचा माणूस आला."

त्यांचा मुलगा सिद्धार्थ आता आमच्याच जुन्या कारखान्यात होता. पहिली शिफ्ट, साडेतीनला सुटणार. "त्याचा रविवार गुरुवारी," मावशी म्हणाल्या. "सूनबाई शाळेत शिकवती, तिचा रविवार रविवारीच, आज माह्येरला गेली. दोगं एकमेकांला सुट्टीच्या दिवशी बघत न्हाईत. म्हणून भांडान बी होत न्हाई."

चहा टाकताना त्यांनी आलं ठेचायला एक बत्ता काढला. पोलादी, हाताएवढा, मध्ये किंचित बारीक. गुंडूने तो ओळखला आणि लाजून आपलाच कान धरला.

"ह्यो अजून हाय?"

"हाय म्हणजे? तूच केलास की. कंपनीच्या भंगारातनं. तेरा वर्सं वापरते, एका बाजूला झिजला न्हाई."

"तेवढं एकच जमलं मावशे हातून. बाकी समदं लाल पेटीत गेलं. विचार ह्याला."

मावशी हसल्या. मी हसलो नाही. बत्ता मागून घेतला आणि बोटांत धरून फिरवला. आयुष्य तपासणीत गेलेल्या माणसाच्या बोटांना काही गोष्टी मापाशिवाय कळतात. तो टोकापासून टोकापर्यंत सरळ होता, आणि मधली कंबर दोन्हीकडून इतकी सारखी उतरली होती की बोट कुठे अडत नव्हतं. भंगारातल्या तुकड्यावर, जेवणाच्या सुट्टीत, घाईघाईने केलेलं काम होतं ते. गुंडू मावशींना भाताच्या भावाबद्दल सांगत होता. त्याला वाटत होतं मी नुसता बघतोय.

मावशींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, हरभऱ्याची भाजी. तीनच्या सुमाराला आम्ही सिद्धार्थला गेटवर गाठायला निघालो.

गेटसमोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. बाकावर बसलो. साडेतीनचा भोंगा झाला आणि दोन लोंढे समोरासमोर आले, एक आत जाणारा, एक बाहेर येणारा. कोणी कोणाला धक्का देत नव्हतं. हिवाळ्याच्या त्या पिवळ्या उन्हात ते पाण्यासारखे एकमेकांतून गेले. पाच मिनिटांत रस्ता परत मोकळा. गुंडूने जाऊन पहारेकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "सिद्धार्थ ओव्हरटाइमला थांबला. सातला सुटेल."

गुंडू परत येऊन बाकावर बसला. "तोवर पत्र लिवूया का? तू सांग, मी तुझ्या बाजूला बसतो."

मी म्हणालो, "तुझे दांडे बरोबर होते."

"कुठले?"

"ते एकशे बारा. बरोबर होते. गेज चुकलं होतं. त्या दिवशी सकाळी माझ्या हातून ते पडलं होतं आणि मी कोणाला सांगितलं नाही. आठवड्याने ते बाद झालं, तेव्हाही नाही म्हणालो."

एवढं बोलायला तेरा वर्षं लागली आणि अर्धं मिनिटही लागलं नाही. टपरीवाला ग्लास विसळत होता. गुंडू समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"समदे?" त्याने विचारलं.

"सगळे."

"माझा मायक्रोमीटर बरोबर दाखवत हुता?"

"हो."

"म्हणजे दाब बी बरोबर."

"हो, गुंडू."

त्याने उजवा हात मांडीवर पालथा ठेवला होता. तो त्याने उचलला नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. मी माफी मागू लागलो, माझीही नोकरी कच्ची होती, घरी आई आजारी होती, असं काहीबाही बोलू लागलो. त्याने मला थांबवलं.

"नोकरीचं सोड. कच्ची हुती तुझी बी. त्या वयात मी बी घाबरलो असतो." मग तो माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडावर हसू नाही असं मी क्वचितच पाहिलं असेल. "तू हसायचास. लग्नात, मी तांदळाचं बोललो की. माझ्या दारात माझ्या पंगतीला बसून तू हसायचास. तुला म्हाईत हुतं, आन् तू हसायचास."

गेज पडलं ती भीती होती. साहेबांना नाही म्हणालो तीही भीतीच. पण हसलो तेव्हा मला कोणाची भीती होती?

चहा थंड झाला. तो टपरीवाल्याने न विचारता परत गरम करून दिला. गुंडूने तो सावकाश प्यायला. मग म्हणाला, "पोराला लिव. आत्ता सांगितलंस तसंच लिव. आईच्या आजारपणाचं घालू नको."

"लिहितो."

"पोराला लिवून भागणार न्हाई. दिवाळीच्या अंकात दरसाल लिवतोस न्हवं, ह्या देवळात गेलो, त्या घाटात गेलो? समदा गाव वाचतोय ते. हसायला समदा गाव हुता. ह्ये लिव."

"तुझं नाव?"

"माझं नाव घाल. हसताना कुनी नाव झाकलं न्हवतं."

तो उठला. नाशिकला परत येत नाही म्हणाला. पुण्याला जाऊन कोल्हापूरची गाडी धरतो. वळकटी माझ्या घरी राहिली होती, ती एसटीने पाठवून दे म्हणाला. मी त्याच्याबरोबर बसथांब्यापर्यंत गेलो. रस्त्याने तो माझ्या पुढे चालला नाही. नेहमीसारखा शेजारून चालला. पुण्याची बस आली, तो चढला. खिडकीतून त्याने एवढंच विचारलं, "तू फाट्यावरनं जाणार न्हवं?" मी हो म्हणालो. बस गेली.

नाशिक फाट्यावरून मी एकट्याने गाडी पकडली. भोसरी, मोशी, नदी, सगळं उलट्या क्रमाने आलं आणि उलट्या क्रमाने आल्यामुळे ओळखीचं वाटलं नाही. चाकणला बाजार उठला होता. रिकाम्या पटांगणात टरफलं तेवढी उरली होती आणि दोन बाया ती झाडत होत्या. राजगुरुनगरला कंडक्टरने "खेड" असंच पुकारलं. पुढे अंधार पडला. मी जागा होतो. एवढी वर्षं मनात जे बाळगलं ते बोलून टाकलं की हलकं वाटतं, असं लोक म्हणतात. मला हलकं वाटलं नाही. फक्त ते वजन आता कोणाचं आहे हे दोघांनाही माहीत होतं, आणि ते त्याच्या हातावर नव्हतं.

सोमवारी महादेवला पत्र लिहिलं. गेज कसं असतं, कसं पडलं, पडल्यावर मी काय करायला हवं होतं आणि काय केलं, सगळं लिहिलं. आईच्या आजारपणाचं घातलं नाही. वळकटी मंगळवारी पाठवली. गुंडूचं पत्र आलेलं नाही. पूर्वी महिन्याला एक यायचं.

गणपतीनंतर महादेवचं कार्ड आलं. तो आयटीआयला लागला आहे, टर्नरलाच. अक्षर बापासारखं उजवीकडे कलणारं. लिहितो, आमच्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात वर्गाला विचारलं की गेज हातून पडलं तर काय करायचं. कोणी म्हणालं पुसायचं, कोणी म्हणालं नीट बघायचं. मला उत्तर येत होतं. मी हात वर केला.